पोटाला रंग, अंगाला डाग नको!



लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या कांदा बाजारात माल भरण्यासाठी उभे राहिलेले ट्रक तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. एखाद्या ट्रकचा हौदा लाल-पिवळ्या रंगांनी नटलेला असतो, बाजूंवर मोर आणि कमळे काढलेली असतात, केबिनच्या कपाळावर कुलदैवताचे नाव असते. मालकाने पेंटरला चांगले पैसे मोजून ही सजावट करवून घेतलेली असते. पण वाकून या ट्रकच्या पोटाखाली तुम्ही कधी पाहिले आहे काय? तेथे मोर नाहीत आणि कमळेही नाहीत. चिखलाचे थर, ग्रीसचे काळे डाग आणि त्यांच्या आडून डोकावणारा तांबूस-तपकिरी गंज एवढेच तेथे दिसते.

ट्रकचा सगळा भार मात्र हेच पोट वाहते. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे मिळून ट्रकचा सांगाडा, म्हणजे चॅसिस, तयार होतो. इंजिन, केबिन, हौदा आणि माल हे सगळे त्यावर बसते. या तुळईचा पत्रा काही मिलिमीटर जाडीचा असतो. गंजाने त्यातला एखादा मिलिमीटर खाल्ला, तरी भरलेला ट्रक कसारा घाट उतरताना तुळईवर येणारा ताण उरलेल्या पातळ पोलादाला सोसावा लागतो. म्हणून अधूनमधून ट्रकचे पोट धुऊन, खरवडून त्याला गंजरोधक रंग द्यावा लागतो.

अडचण येथेच सुरू होते. खाली मारलेला काळा रंग वर हौद्यावरच्या मोरावर उडतो, काचेवर त्याचे बारीक ठिपके बसतात. ब्रेकच्या ड्रमवर गेला तर केवळ शोभा जात नाही, जीवही धोक्यात येतो. तेव्हा तळाला रंग देताना बाकीचे अंग कसे जपावे? प्रश्न गॅरेजमधला आहे, पण त्याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. आपण ते क्रमाने शोधू.

गंज म्हणजे छोटा विद्युत घट

लोखंडाला गंजण्यासाठी हवा आणि पाणी दोन्ही लागतात, हे तुम्ही शाळेत खिळे आणि परीक्षानळ्यांच्या प्रयोगात पाहिले आहे. पण नेमके काय घडते? लोखंडाच्या पृष्ठभागावर पाण्याचा एक थेंब बसला आहे असे समजा. काही ठिकाणी लोखंडाचे अणू प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन मागे सोडून आयनरूपाने पाण्यात उतरतात. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन धातूतून वाहत दुसऱ्या ठिकाणी जातात. तेथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांना स्वीकारतो आणि हायड्रॉक्सिल आयन तयार होतात. लोखंडाचे आयन व हायड्रॉक्सिल आयन एकत्र येऊन फेरस हायड्रॉक्साइड बनते, आणि त्यावर आणखी ऑक्सिजनची क्रिया होऊन पाणी धरून ठेवणारे फेरिक ऑक्साइड तयार होते. तोच आपला गंज.

म्हणजे प्रत्येक थेंबाखाली एक छोटा विद्युत घट चालू असतो. जेथे लोखंड विरघळते ते त्याचे धनाग्र आणि जेथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो ते ऋणाग्र. दोन्ही अग्रे एकाच पत्र्यावर असल्यामुळे वेगळी तार लागत नाही. विद्युतप्रवाह वाहून नेण्याचे दुसरे काम पाण्याला करावे लागते, आणि पाण्यात मीठ असेल तर ते हे काम अधिक सहज करते. क्लोराइड आयन तर धातूवर टिकू पाहणारा संरक्षक थरही फोडतात.

आता आपल्या ट्रकचा प्रवास आठवा. नाशिक शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण मुंबईच्या वाटेवर इगतपुरीला ३००० मिलिमीटरहून अधिक पडतो. घाट उतरून ट्रक न्हावा-शेवा बंदरापाशी जातो तेव्हा समुद्राची खारी हवा त्याच्या अंगाला लागते. परत येताना त्याने पोटॅश खताची पोती भरली, तर फळ्यांच्या फटींतून सांडलेले दाणे थेट तुळईवर पडतात. हे खत बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, म्हणजे मिठाचेच भावंड! समुद्रापासून दूर राहणाऱ्या ट्रकलाही असा खारेपणा मिळतो.

चिखलाखालची चोरी

पुष्कळांना वाटते, चिखलाचा थर बसला म्हणजे हवा लागत नाही, म्हणून लोखंड सुरक्षित राहते. प्रत्यक्षात उलटे घडते. ओल्या चिखलाच्या आत ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि थराच्या कडेला भरपूर मिळतो. ऑक्सिजन भरपूर असलेली कड ऋणाग्र होते, तर चिखलाने झाकलेला मधला भाग धनाग्र होतो. म्हणजे धातू खाल्ला जातो तो नेमका झाकलेल्या जागी, आणि आपल्याला दिसत नाही तेथे!

रंग देण्यापूर्वी पोट का धुवायचे, हे आता तुमच्या लक्षात येईल. चिखल, खत किंवा सुटलेला गंज यांच्यावर रंग मारणे म्हणजे चोराला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावणे होय. गंज सच्छिद्र असतो, तो पाणी आणि क्षार आत धरून ठेवतो. शिवाय ज्या लोखंडापासून तो बनला त्याच्यापेक्षा तो कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून रंगाखाली गंज वाढू लागला की रंगाचा पापुद्रा फुगतो आणि पोपडा निघतो.

रंगाला आणखी एक शत्रू आहे. ऋणाग्राजवळ हायड्रॉक्सिल आयन जमतात, म्हणजे तेथे अल्कली तयार होतो. तेल आणि अल्कली एकत्र आले की काय होते, हे तुम्हाला माहीत आहे: साबण! तेलयुक्त रंग अशा जागी हळूहळू साबणासारखा होऊन सुटतो. त्यामुळे एका ओरखड्यापासून सुरू झालेला गंज चांगल्या रंगाखालीही पसरत जातो.

म्हणून क्रम असा ठेवावा: प्रथम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणे, मग पूर्ण वाळू देणे, तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने सुटा गंज काढणे, ग्रीस-तेल पुसणे, नंतर प्रायमरचा हात आणि शेवटी काळा डांबरी किंवा चॅसिसचा रंग. प्रायमरमधला रेड ऑक्साइड हे लोखंडाचेच ऑक्साइड आहे, पण ते पक्के व निर्जल असते आणि तेथून पुढे गंजण्यासारखे त्यात काही उरलेले नसते. जस्ताची भुकटी भरपूर असलेला प्रायमर तर लोखंडासाठी स्वतःचा बळी देतो. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडते, म्हणून दोघांच्या घटात जस्त धनाग्र होते आणि लोखंड वाचते. याच तत्त्वावर १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तळाचे तांबे वाचवण्यासाठी त्याला लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडून पाहिले होते. जुन्या काळी प्रायमर म्हणून शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइडही वापरीत. तो गंजाला चांगला आवरतो, पण शिसे शरीराला विषारी आहे. तेव्हा तो टाळावा हेच बरे.

थेंब कोठे जातो?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कारागीर स्प्रे गन तुळईवर रोखतो. मग रंग हौद्यावर कसा पोहोचतो?

गनमधून दाबाची हवा रंगाला फोडून त्याचे लक्षावधी थेंब करते. हे थेंब एकाच आकाराचे नसतात. काहींचा व्यास १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग असतो, तर काही जेमतेम १० मायक्रॉनचे असतात. हवेचा झोत तुळईवर आदळला की हवा पत्र्यातून आरपार जाऊ शकत नाही. ती वळते आणि कडेने निघून जाते. थेंबाने काय करावे? न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे तो सरळ जाऊ पाहतो, आणि हवा त्याला आपल्याबरोबर ओढू पाहते. या ओढाताणीत कोण जिंकणार हे थेंबाच्या आकारावर ठरते.

हवेच्या विरोधासंबंधीचा स्टोक्स यांचा नियम (१८५१) वापरून ढोबळ हिशेब करता येतो. थेंबाची घनता पाण्याइतकी धरू. स्थिर हवेत सेकंदाला १० मीटर वेगाने सोडलेला १०० मायक्रॉनचा थेंब थांबण्यापूर्वी सुमारे ३० सेंटीमीटर जाऊ शकतो. इतक्या वेगाला हा नियम थोडा कमी पडतो आणि प्रत्यक्ष अंतर यापेक्षा कमी भरते. तरीही असा थेंब वळणाऱ्या हवेला न जुमानता तुळईवर आदळतो. १० मायक्रॉनचा थेंब मात्र सुमारे ३ मिलिमीटरमध्येच थांबतो! कारण थांबण्याचे अंतर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्यास दहापट कमी झाला की अंतर शंभरपट घटते. हा बारीक थेंब हवेबरोबर वळतो, तुळईला वळसा घालतो आणि वाट फुटेल तिकडे जातो.

पुढे तो लवकर खालीही पडत नाही. थेंब पडण्याचा अंतिम वेगसुद्धा व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हा कोष्टकवजा हिशेब पाहा.

व्यास १०० मायक्रॉन : वेग सेकंदाला सुमारे ३० सेंमी : एक मीटर पडण्यास साडेतीन सेकंदांहून कमी.
व्यास २० मायक्रॉन : वेग सेकंदाला सुमारे १.२ सेंमी : एक मीटर पडण्यास ८० सेकंदांहून अधिक.
व्यास १० मायक्रॉन : वेग सेकंदाला सुमारे ३ मिमी : एक मीटर पडण्यास साडेपाच मिनिटे.

सेकंदाला एक मीटर एवढी मंद झुळूक वाहत असेल, तर २० मायक्रॉनचा थेंब एक मीटर खाली येईपर्यंत ८० मीटर दूर जाईल. वाटेत त्याच्यातला थिनर उडून गेला तर तो कोरड्या धुळीसारखा पडतो आणि फडक्याने झटकता येतो. पण जवळच्या हौद्यावर तो ओला असतानाच टेकला, तर चिकटून बसतो. म्हणजे खरा धोका आपल्याच ट्रकला आणि शेजारी उभ्या असलेल्या वाहनाला!

या हिशेबातून चार नियम सहज निघतात. पहिला, गनचा दाब गरजेपेक्षा जास्त ठेवू नये आणि रंगात थिनर अति घालू नये, कारण दोन्हींमुळे थेंब बारीक होतात. दुसरा, गन पृष्ठभागापासून फार दूर धरू नये. दूरवरून येणारे थेंब वेग गमावतात आणि भरकटतात. तिसरा, हौद्याच्या कडेजवळ फवारा न मारता ब्रश वापरावा. ब्रशमधून थेंब उडतच नाहीत, मग त्यांना अडवण्याचा प्रश्न कोठून येणार? चौथा, वारा पडलेला असताना काम करावे.

झाकणाचे शास्त्र

एवढे करूनही काही रंग उडणारच. म्हणून अंग झाकावे लागते.

हौद्याच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत जुन्या चादरींचा किंवा ताडपत्रीचा पडदा सोडला, तर भरकटणारे थेंब आतच अडतात. परंतु चारही बाजू गच्च बंद करू नयेत. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचते. एक ठिणगी पडली तरी भडका उडू शकतो, आणि आत काम करणाऱ्याला भोवळही येते. पुढची व मागची बाजू उघडी ठेवावी. बॅटरीची तार आधी सोडवावी, विडी-सिगारेट दूर ठेवावी आणि तोंडावर रंगकामाचा योग्य मुखवटा लावावा. साधे फडके थेंब थोडे अडवते, वाफ अडवत नाही. ट्रक नुसत्या जॅकवर उचलून त्याखाली कधीही शिरू नये.

मडगार्ड, केबिनच्या कडा, काचा आणि दिवे यांना कागद लावावा. वर्तमानपत्राचा एकेरी कागद पुरत नाही. त्याच्या तंतूंमध्ये बारीक नळ्यांसारख्या पोकळ्या असतात आणि पातळ रंग त्यांतून केशाकर्षणाने पलीकडे झिरपतो. दुहेरी-तिहेरी घडी घालावी. मग सरळ प्लास्टिकच का लावू नये? प्लास्टिक रंग शोषत नाही, म्हणून त्यावर रंगाचे ओघळ येतात. वाळलेल्या रंगाचे कपचेही त्यावरून सुटून ताज्या रंगावर पडतात. रात्रभर ठेवले तर त्याच्या आत दव साचते. तेव्हा कडेला कागद आणि दूरच्या मोठ्या भागावर कापड अशी वाटणी सोयीची पडते.

कागद चिकटवायचा कशाने? या साध्या प्रश्नाने एका शोधाला जन्म दिला आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची फॅशन आली होती. पहिला रंग झाकण्यासाठी कारागीर वर्तमानपत्रे डिंकाने चिकटवीत, आणि ती काढताना खालचा रंगही सोलून निघे. पॉलिश पेपर बनवणाऱ्या थ्री-एम या कंपनीतील तरुण सहायक रिचर्ड ड्रू नमुने घेऊन अशा कारखान्यांत जात असे. कारागिरांचा वैताग पाहून त्याने चिकटेल पण माग न ठेवता निघेल अशी कागदी पट्टी बनवण्याचे मनावर घेतले. १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार झाली. आज नाशिकच्या कोणत्याही रंगाच्या दुकानात ती मिळते.

फटीत शिरणारा रंग

टेप लावली तरी तिच्या कडेखालून रंग आत शिरतो आणि सरळ रेषेऐवजी दातेरी कड उमटते. येथेही केशाकर्षणच काम करते. टेप आणि पत्रा यांमधील फट अरुंद असेल तितकी रंगाला आत ओढणारी शक्ती जास्त असते. मग टेप घट्ट दाबण्याने नुकसान व्हायला हवे! अनुभव तर उलटा आहे. याचे कारण काय?

ओढ वाढते हे खरे, पण अरुंद फटीत द्रवाच्या विष्यंदितेचा, म्हणजे चिकटपणाचा विरोध त्याहून अधिक वेगाने वाढतो. लुकास (१९१८) आणि वॉशबर्न (१९२१) यांनी या झिरपण्याचा नियम दिला. त्यानुसार ठरावीक वेळात द्रव आत जेवढे अंतर जातो, ते फटीच्या रुंदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. फट एक दशांश मिलिमीटर असताना रंग दहा सेकंदांत एक सेंटीमीटर आत जात असेल, तर फट शंभरपट अरुंद केल्यावर तो तेवढ्याच वेळात फक्त एक मिलिमीटर जाईल. तोवर थिनर उडून रंग घट्ट होऊ लागतो आणि त्याचा प्रवास थांबतो. म्हणून टेपची कड नखाने किंवा जुन्या पट्टीने दाबत न्यावी. त्याआधी ती जागा धूळ व तेलापासून साफ असावी, कारण धुळीचा एक कणसुद्धा टेपला उचलून फट रुंद करतो. आणि रंगाचा पहिला हात पातळ द्यावा. एकदम जाड थर दिला तर तो बराच वेळ ओला राहतो आणि त्याला आत शिरायला सवड मिळते.

टेप केव्हा काढावी? रंग पूर्ण कडक झाल्यावर काढली तर टेपवरचा आणि तुळईवरचा रंग मिळून एकच पापुद्रा झालेला असतो. तो वेडावाकडा फाटतो. बोटाला रंग लागत नाही पण अजून मऊ आहे, अशा वेळी टेप मागे दुमडून हळूहळू ओढावी. उन्हात फार दिवस ठेवली तर तिचा चिकट थर पत्र्यावरच राहतो.

आणखी काय झाकायचे?

हौदा डागाळला तर मन दुखते. खालच्या काही जागा झाकायच्या राहिल्या तर अपघात होतो. म्हणून त्यांची यादी कारणांसह लक्षात ठेवा.

ब्रेकचे ड्रम व लायनिंग : ब्रेक घर्षणावर चालतात. मध्ये रंगाचा थर आला की घर्षणांक बदलतो, आणि एका चाकावर कमी व दुसऱ्यावर जास्त असा ब्रेक लागला तर ट्रक एका बाजूला ओढला जातो.

रबरी नळ्या व बुशा : थिनरने रबर फुगते व पुढे चिरते. ब्रेकच्या हवेच्या नळ्या अशाच असतात.

मागच्या आसाच्या हौसिंगवरील श्वासछिद्र : गाडी चालताना आतले तेल व हवा तापून प्रसरण पावतात. जास्तीची हवा या छिद्रातून बाहेर जाते. रंगाने ते बुजले तर आतला दाब वाढतो, तेल सीलमधून बाहेर पडते आणि चाकाच्या ब्रेकवर पोहोचू शकते. बघा, एक थेंब कोठवर जातो!

ग्रीस निपल, आटे आणि प्रॉपेलर शाफ्टचे सरकते सांधे : यांवर ग्रीसचा जाडसर हात फिरवावा. ग्रीस लागलेल्या पृष्ठभागावर रंग धरत नाही, नंतर फडक्याने पुसला की ग्रीसबरोबर निघून जातो. पण हेच ग्रीस रंगवायच्या जागेवर पसरू देऊ नका.

सायलेन्सर : हा इतका तापतो की साधा रंग जळून धूर होतो. तो पूर्ण थंड झाल्याशिवाय जवळपास काम सुरूही करू नये.

चॅसिस क्रमांक : तुळईवर कोरलेला हा क्रमांक ट्रकची ओळख आहे. जाड रंगाखाली तो वाचता येईनासा झाला तर तपासणीच्या वेळी अडचण येते.

निचऱ्याची भोके : ही टेपने झाकली असतील तर नंतर आठवणीने उघडावीत. भोक बुजले की तुळईत पाणी साचते, आणि आपण ज्यासाठी एवढा खटाटोप केला तोच गंज आतून सुरू होतो.

आणि एक सोपा नियम : हौद्यालाही नवा रंग द्यायचाच असेल, तर आधी पोट रंगवावे, मग अंग. उडालेले ठिपके घासून नव्या रंगाखाली जातात.

दिवस कोणता निवडावा?

हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर दव होऊन बसते. ज्या तापमानाला हे घडते त्याला दवबिंदू म्हणतात. हवा ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. म्हणजे पोलाद हवेपेक्षा चारच अंशांनी थंड असले तरी त्यावर ओल धरते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या पाण्याच्या थरावर रंग चिकटत नाही. म्हणून पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असावे, असा रंगकामाचा संकेत आहे.

नाशिकला थंडीच्या दिवसांत पहाटे पारा पुष्कळ उतरतो. ट्रकची जाड तुळई रात्रभर थंड होते आणि सकाळी हवा तापली तरी ती लवकर तापत नाही. तेव्हा काम दुपारकडे करावे. नुकत्याच धुतलेल्या भागावर तर बाष्पीभवनामुळे तापमान आणखी घटते. तो पूर्ण वाळून हवेच्या तापमानाला येऊ द्यावा. पावसाळ्यापूर्वीचे कोरडे दिवस या कामाला चांगले. मात्र त्या दिवसांत दुपारी वारा सुटतो, म्हणून आडोसा पाहावा. धूळ बसावी म्हणून अंगणात सडा घालायचा असेल तर तो बऱ्याच आधी आणि हलका घालावा.

करून पाहा

प्रयोग १ : पॉलिश पेपरने घासलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा मोठा थेंब ठेवा. त्या पाण्यात आधीच पोटॅशियम फेरिसायनाइडचे थोडे द्रावण व फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-तीन थेंब मिसळा. काही वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा आणि कडेला गुलाबी रंग दिसेल. निळा रंग विरघळणाऱ्या लोखंडाची, तर गुलाबी रंग अल्कलीची साक्ष देतो. चिखलाखालच्या चोरीचेच हे चित्र आहे. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा आणि फेरिसायनाइडमध्ये आम्ल कधीही मिसळू नका.

प्रयोग २ : गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या लावा. एकीची कड नखाने घट्ट दाबा, दुसरीची सैल ठेवा. दोन्ही कडांवरून ब्रशने पातळ रंग फिरवा. थोड्या वेळाने पट्ट्या काढा आणि रंग किती आत शिरला ते मोजपट्टीने मोजा.

प्रयोग ३ : फवारणीच्या बाटलीत शाई घातलेले पाणी भरा. एक अरुंद फळी उभी करा आणि तिच्या मागे व बाजूंना पांढरे कागद लावा. फळीवर प्रथम जवळून आणि मग दुरून फवारा मारा. कोणत्या वेळी कागदांवर जास्त ठिपके पडले? ठिपक्यांचे आकार भिंगातून पाहा.

विचार करा

१. टिनच्या डब्याला ओरखडा पडला की तो लवकर गंजतो, पण जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीला ओरखडा पडला तरी ती बराच काळ टिकते. असे का? (इलेक्ट्रॉन सोडण्यात कथील लोखंडाच्या मागे आहे.)

२. ५० मायक्रॉन व्यासाच्या थेंबाला एक मीटर पडण्यास किती वेळ लागेल? वरच्या हिशेबावरून काढा.

३. तुमच्या घरची सायकल, खिडकीचे गज किंवा पाण्याच्या टाकीचे झाकण रंगवायचे आहे. काय झाकाल, कशाने झाकाल आणि कोणत्या वेळी काम कराल, याची कारणांसह यादी करा. मग ती यादी हातात घेऊन सुट्टीत काम करून टाका!